उरुशीने झपाटलेला माणूस: मात्सुदा गोनरोकु आणि सोनं पेरलेली पेनं

फाउंटन पेनांचा नाद असलेल्या माणसाशी अर्धा तास बोललात, तर गाडी कधी ना कधी जपानवर येतेच. मग तो मोबाइल काढून तुम्हाला फोटो दाखवतो. आरशासारखं चकचकीत काळं पेन, त्याच्या अंगावर सोन्यात काढलेले मासे, पाइनची झाडं, लाटा, कधी एखादा ड्रॅगन. या कामाला म्हणतात ‘माकी-ए’. किंमत ऐकली की आपण दोन मिनिटं गप्प होतो. 1930 च्या आसपासची चांगली पेनं लिलावात लाखो रुपयांना जातात, आणि ती जमवणारे लोक जगभर आहेत.

या पेनांमागचं सगळ्यात मोठं नाव आहे मात्सुदा गोनरोकु. जपानमध्ये त्यांना उरुशीचा ‘ओनी’ म्हणत. ओनी म्हणजे राक्षस, पण इथे त्याचा अर्थ आपल्या ‘झपाटलेला’ या शब्दाच्या जवळ जातो. (जपानी लोक आडनाव आधी लिहितात, तेव्हा मात्सुदा हे आडनाव.) त्यांची गोष्ट एका टेक साइटवर का, असा प्रश्न पडला असेल. कारण साधं आहे. त्या पेनावरचं सोनं आपल्याला दिसतं, पण खरी करामत त्याखालच्या काळ्या थरात आहे. तो थर म्हणजे झाडाच्या चिकापासून बनलेलं पॉलिमर. प्लास्टिकचं युग नुकतंच सुरू होत असताना या माणसाने हे हजारो वर्षं जुनं पॉलिमर कारखान्यातल्या वस्तूवर बसवून दाखवलं.

कानाझावातलं पोरगं

मात्सुदांचा जन्म 1896 चा, इशिकावा प्रांतातल्या कानाझावाचा. हे शहर मुळात सरदार माएदा घराण्याचं. या घराण्याने सतराव्या शतकात लाखकामाचे उस्ताद बाहेरून बोलावून आपल्या पदरी ठेवले होते, आणि त्यातून ‘कागा माकी-ए’ नावाची अख्खी शैली उभी राहिली. पण 1868 नंतर सरंजामशाही गेली, सरदार गेले, आणि त्यांच्या जिवावर जगणारे कारागीर उघड्यावर आले. आपल्याकडे संस्थानं गेल्यावर दरबारी गवयांचं आणि कारागिरांचं जे झालं, तेच तिथे आपल्या आधी काही दशकं झालं. कुणी परदेशी प्रदर्शनांसाठी दिखाऊ माल करू लागलं, कुणी धंदाच सोडला. एक गिऱ्हाईक मात्र टिकून राहिलं ते म्हणजे देव. घराघरांतले बौद्ध देव्हारे सोन्याने मढवायचं काम चालूच होतं.

मात्सुदांचा मोठा भाऊ याच कामात होता. वयाच्या सातव्या वर्षी गोनरोकु भावाच्या हाताखाली बसले. सात वर्षं म्हणजे आपल्याकडचं पहिली-दुसरीतलं वय! पुढे कानाझावाच्या औद्योगिक शाळेत रीतसर शिक्षण झालं, आणि तिथून ते तोक्योच्या सरकारी ललित कला विद्यालयात लाखकाम विभागात गेले. तिथे त्यांचे गुरू होते रोक्काकु शिसुई, जुन्या लाखकामाचे मोठे अभ्यासक. 1919 मध्ये मात्सुदा पदवीधर झाले. पदवीसाठी त्यांनी केलेली फुलं, पानं, पशुपक्षी भरलेली छोटी पेटी आजही जपानी कलेच्या पुस्तकांत छापली जाते.

म्हणजे हातात दोन्ही गोष्टी होत्या. देव्हाऱ्यावर घासलेला कारागिराचा हात आणि विद्यालयाची पदवी. आता यापुढचा सरळ रस्ता कलाकार होण्याचा, प्रदर्शनांचा आणि पदकांचा. तो रस्ता त्यांनी धरलाच, पण मध्येच एक वळण घेतलं, आणि आपला सगळा रस त्या वळणात आहे. ते समजण्याआधी उरुशी म्हणजे नेमकं काय, हे पाहू.

उरुशी म्हणजे आपली लाख नव्हे

मराठीत ‘जपानी लाख’ असा शब्द सर्रास वापरतात, आणि वर मी स्वतःही लाखकाम असंच लिहिलंय, कारण दुसरा चांगला शब्द नाही. पण गोष्ट पूर्ण वेगळी आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांवर आणि गंजिफांवर जी लाख असते ती किड्यापासून मिळते. ती उष्णतेने मऊ होते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. उरुशी हा एका झाडाचा चीक आहे. तो एकदा पक्का झाला की अल्कोहोल, ॲसिड किंवा गरम पाणी यांना सहजी दाद देत नाही.

हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं आहे. आता मराठी वाचकाच्या डोक्यात लगेच दिवा लागला असेल. आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड येतात, हे गावाकडच्या कुणालाही विचारा. उरुशीच्या चिकात जो ‘उरुशिऑल’ नावाचा पदार्थ असतो, तो बिब्ब्यातल्या तेलाचा जवळचा नातेवाईक. कच्ची उरुशी कातडीला लागली की तसेच फोड, तशीच खाज. या धंद्यातल्या प्रत्येक नवशिक्याला त्यातून जावं लागतं. बिब्ब्याच्या तेलाने परीट कपड्यांवर न धुपणारी खूण करत असत. म्हणजे हवेत काळा पडून कायमचा चिकटून बसणारा रस आपल्याकडेही होता, फक्त आपण त्याचा उपयोग धोब्याच्या खुणेपुरता केला.

उरुशी ‘वाळते’ असं म्हणतात, पण खरं तर ती वाळत नाही. ऑइलपेंट किंवा व्हार्निशसारखं त्यातलं काही उडून जाण्याची वाट पाहायची नसते. चिकात ‘लॅकेस’ नावाचं एक एन्झाइम असतं. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1883 मध्ये उरुशीचा अभ्यास करताना त्याचा माग काढला होता. हे एन्झाइम हवेतला ऑक्सिजन वापरून उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफत जातं. त्यातून एक घट्ट जाळं तयार होतं, आणि जाळं तयार झालं की फोड आणण्याची ताकदही जाते. पण एन्झाइमला काम करायला ओलावा लागतो. साधारण 20 ते 30 अंश तापमान आणि 70-80 टक्के आर्द्रता हवी. म्हणून कारागीर रंगवलेली वस्तू उन्हात ठेवत नाहीत, तर ओलसर केलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. थोडक्यात, विदर्भातल्या मे महिन्यात उरुशी चिकट ती चिकटच राहील, आणि कोकणातल्या जुलैत मस्त पक्की होईल!

शिवाय माल तुटपुंजा. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला एका हंगामात चरे पाडत जातात, आणि त्या झाडातून जेमतेम 200 ग्रॅम चीक मिळतो. पारंपरिक पद्धतीत त्यानंतर झाड तोडूनच टाकतात. बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो, पण पुढच्या चिकासाठी परत तेवढीच वर्षं थांबायचं.

दोन हजार वर्षं जुन्या वाट्या

पदवीनंतर काही काळाने, 1921 पासून, मात्सुदांना तोक्योच्या ‘तोयो बुंको’ या ग्रंथालयात दुरुस्तीचं काम मिळालं. तिथे त्यांच्या हातात आल्या राकुरोच्या वस्तू. राकुरो (चिनी नाव लेलांग) म्हणजे आजच्या उत्तर कोरियातल्या प्याँगयांगजवळचं हान साम्राज्याचं ठाणं. तिथल्या थडग्यांमधून सुमारे 2000 वर्षांपूर्वीची लाखेची भांडी निघाली होती. थडग्यांत पाणी शिरलेलं, कित्येक ठिकाणी लाकूड सडून गेलेलं, पण उरुशीचा थर शाबूत.

माझ्या मते मात्सुदांच्या आयुष्यातली ही सगळ्यात महत्त्वाची नोकरी होती, पेनांच्या कारखान्यापेक्षाही. एखाद्या मटेरियल सायन्सच्या माणसाला 2000 वर्षं चाललेल्या टेस्टचा निकाल आयता हातात मिळावा, तसं हे झालं. उरुशी ही नुसती शोभेची गोष्ट नसून आधी संरक्षक थर आहे, हे त्यांनी पुस्तकातून नाही, दुरुस्ती करताना बोटांनी शिकून घेतलं.

आणखी एक गोष्ट त्या भांड्यांवर होती. हान काळातल्या सरकारी कारखान्यांच्या भांड्यांवर बारीक अक्षरांत मजकूर कोरलेला असतो. लाकडी साचा कुणी केला, पहिला थर कुणी दिला, शेवटचा कुणी, चित्र कुणी काढलं, तपासणी कुणी केली, सगळ्यांची नावं. म्हणजे अगदी आजच्या कारखान्यातल्या बॅच नंबरासारखं. एका वाटीवर इतकी माणसं राबत होती, आणि प्रत्येकाची जबाबदारी लिहून ठेवलेली होती. पुढे पेनांवर जी सह्यांची पद्धत आली, ती पाहताना मला नेहमी या वाट्या आठवतात.

पेन काळं होतं, ते तपकिरी का पडायचं?

आता आपण जहाजांच्या दुनियेत जाऊ. तोक्योच्या नौकानयन विद्यालयात नामिकी र्‍योसुके नावाचे एक प्राध्यापक होते. नकाशे आणि आराखडे काढताना रेघा मारायचं पेन सारखं शाईत बुडवावं लागे, याला ते वैतागले होते. पोटात शाई साठवणारं रेघांचं पेन करायच्या खटपटीतून ते फाउंटन पेनाकडे वळले. 1916 मध्ये त्यांनी जपानी बनावटीची सोन्याची निब तयार केली, आणि 1918 मध्ये जुने सहकारी वादा मासाओ यांच्याबरोबर कंपनी काढली. तीच आजची ‘पायलट’. हा पायलट विमानाचा नव्हे बरं का. बंदरात जहाजाला वाट दाखवणारा तो पायलट.

त्या काळी पेनं एबोनाइटची असत. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की कडक, काळं, लेथवर छान कातता येणारं एबोनाइट मिळतं. शाईने ते खराब होत नाही. पण त्याचा एक शत्रू आहे, ऊन. उजेड आणि दमटपणा यांनी पृष्ठभागावरचं गंधक बाहेर येतं, त्याचं ऑक्सिडेशन होतं, आणि काळंभोर पेन हळूहळू मळकट तपकिरी दिसू लागतं. आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पेनं अशी का दिसतात, त्याचं उत्तर हेच.

अमेरिकी कंपन्यांनी यावर उपाय काढला तो एबोनाइटच सोडून देण्याचा. शेफरने 1924 मध्ये आणि पार्करने 1926 मध्ये सेल्युलॉइडसारख्या प्लास्टिकची रंगीत पेनं बाजारात आणली. नामिकींनी उलटा विचार केला. मटेरियल तेच ठेवायचं, पण त्याला कातडं चांगलं द्यायचं. एबोनाइटवर उरुशीचा थर चढवण्याची त्यांची पद्धत 1925 मध्ये तयार झाली. तिला नाव दिलं ‘लॅकानाइट’, आणि तिची पेटंटंही घेतली. तंत्र म्हणून हे फार सुंदर जुळलं. एबोनाइट हे झाडाच्या चिकाचं पॉलिमर, वर बसवलेलं उरुशी हेही झाडाच्या चिकाचंच पॉलिमर, आणि त्यांची पकड घट्ट.

थर बसला, पेन काळं राहिलं. आता प्रश्न असा, की उरुशी लावलेल्या वस्तूवर जपानमध्ये हजारेक वर्षं सोन्याने चित्रं काढत आलेत, मग पेनावर का नको? त्यासाठी माणूस हवा होता. साधारण 1925-26 मध्ये नामिकींकडे मात्सुदा आले.

रांगोळीसारखं सोनं

त्या काळातल्या पदवीधर कलाकाराने पेनांच्या कारखान्यात जाणं, ही काही सहज पचणारी गोष्ट नव्हती. देव्हारा, पेटी, चहा समारंभाचं भांडं ही प्रतिष्ठेची कामं होती. पेन म्हणजे लेथवर शेकड्यांनी कातलेली विलायती नळी. त्यात मात्सुदा 1927 मध्ये आपल्याच विद्यालयात सहायक प्राध्यापक झाले, म्हणजे एक पाय वर्गात आणि एक कारखान्यात. त्यांचं काम मुख्यतः नक्षीचे आराखडे करणं, कारागीर निवडणं, त्यांना शिकवणं आणि मालाचा दर्जा सांभाळणं हे होतं. आजच्या भाषेत डिझाइन आणि क्वालिटी, दोन्हीचे हेड.

माकी-ए या शब्दाचा अर्थच पेरलेलं चित्र. आधी उंदराच्या केसांच्या बारीक कुंचल्याने उरुशीत चित्र काढायचं. ते ओलं असतानाच वरून सोन्याची पूड सोडायची. त्यासाठी बांबूची किंवा पिसाच्या दांड्याची नळी असते, तिच्या तोंडाला रेशमी जाळी. बोटाने नळीवर हलके टिचक्या मारल्या की पूड खाली झरते. आपल्या बायका चिमटीतून रांगोळी सोडतात, त्याच जातीचं कौशल्य. फरक इतकाच, की इथे अंगण पेनाएवढं आणि तेसुद्धा गोल.

मग प्रकार तीन. चित्र सपाट ठेवून वर पातळ थर दिला की ‘हिरा माकी-ए’. सगळ्या पृष्ठभागावर उरुशी फासून, ती पक्की झाल्यावर लाकडी कोळशाने घासत घासत खालचं चित्र पुन्हा वर काढलं की ‘तोगिदाशी’. यात चित्र आणि पार्श्वभूमी एका पातळीत येतात, बोट फिरवलं तर काहीच लागत नाही. चित्राखाली थर देऊन उठाव आणला की ‘ताका माकी-ए’. प्रत्येक थरामागे ओल्या कपाटातला मुक्काम आलाच. त्यामुळे चांगलं पेन व्हायला महिने लागतात, आणि अगदी शेवटची झळाळी आणण्यासाठी बारीक पूड आणि तेल घेऊन उघड्या बोटाने घासतात.

पेटीवर हे काम करणं वेगळं आणि पेनावर वेगळं. टोपण फिरवून बसतं, म्हणजे थर जाड झाला तर बसणारच नाही. चित्र टोपणावरून दांडीवर जातं, म्हणजे टोपण लावल्यावर माशाचं डोकं आणि शेपूट जुळलं पाहिजे. गोल पृष्ठभागावर ओली उरुशी ओघळते, त्यामुळे वस्तू सतत फिरवत ठेवावी लागते. शिवाय पेटी कपाटात राहते, पेन रोज हाताळलं जातं, खिशात घासतं, त्याला घाम लागतो. उरुशी आधी संरक्षण आहे, हे राकुरोच्या वाट्यांतून शिकलेल्या माणसाला ही परीक्षा आवडली नसती तरच नवल.

डनहिलचं दुकान आणि कोक्कोकाई

अशा पेनाला जपानात गिऱ्हाईक थोडंच. नामिकींनी 1926 मध्ये परदेशात कचेऱ्या उघडायला सुरुवात केली, आणि शेवटी गाठ पडली ती लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांच्या कंपनीशी. पाइप, तंबाखू, लायटर अशा उंची वस्तूंची त्यांची लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कला दुकानं होती. 1930 मध्ये करार झाला आणि ‘डनहिल-नामिकी’ असं जोडनाव कोरलेली पेनं त्या दुकानांत दिसू लागली. काळ बघा, जागतिक मंदी नुकतीच सुरू झाली होती! तरीही ही पेनं विकली गेली, आणि आज संग्राहक ज्यांच्यामागे धावतात ती मुख्यतः याच काळातली.

1931 मध्ये मात्सुदांच्या नेतृत्वाखाली नामिकींच्या कारागिरांची एक मंडळी स्थापन झाली, ‘कोक्कोकाई’. नावाचा अर्थ साधारण देशाचा प्रकाश असा. एरवी कारखान्यातला कारागीर अनामिक असतो. इथे मात्र पेनावर मंडळीचं नाव आणि काम करणाऱ्याची सही, दोन्ही येऊ लागलं. केसाएवढ्या रेघांत, दांडीच्या कडेला. एका अर्थाने हा दोन टोकांमधला मार्ग होता. पेन एकट्या कलाकाराची निर्मिती नव्हतं, कारण त्यामागे लेथवाला, थर देणारा, निब बसवणारा असे अनेक हात होते. पण तो नुसता कंपनीचा मालही राहिला नाही. मात्सुदांची स्वतःची सही असलेली पेनं फार थोडी. बाकीच्यांवर त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या लोकांच्या सह्या आहेत, आणि मला तरी ही त्यांची जास्त मोठी कमाई वाटते.

हे चालू असतानाच मात्सुदा दुसऱ्या टोकाची कामंही करत होते. तोक्योत संसदेची नवी इमारत उभी राहत होती. तिच्यातल्या सम्राटांच्या विश्रांतिकक्षातल्या उरुशीकामावर देखरेख त्यांची होती. एकीकडे अख्खी खोली आणि दुसरीकडे बोटाएवढं पेन, मटेरियल एकच.

मग युद्ध आलं. जपानमध्ये सोन्याच्या वापरावर निर्बंध आले, निबा स्टीलच्या होऊ लागल्या, जिथे निबेलाच सोनं नाही तिथे नक्षीला कुठून मिळणार? इंग्लंडशी व्यापार संपला, डनहिलबरोबरचं नातंही संपलं. कंपनीने 1938 मध्येच अधिकृत नाव बदलून ‘पायलट’ करून घेतलं होतं. मात्सुदा 1943 मध्ये विद्यालयात प्राध्यापक झाले, आणि युद्धाच्या ऐन धामधुमीत, 1944 मध्ये, त्यांनी ‘होराई’ म्हणजे अमरांचं बेट या कल्पनेवरची क्रौंच पक्ष्यांची मांडणी पूर्ण केली. त्यांच्या मोठ्या कामांत तिची गणना होते.

युद्धानंतर मानसन्मान ओळीने आले. जपानने परंपरागत कला जपणाऱ्या माणसांनाच राष्ट्रीय ठेवा मानणारी योजना सुरू केली, त्यातल्या 1955 च्या पहिल्या यादीत माकी-ए साठी मात्सुदांचं नाव होतं. 1976 मध्ये त्यांना संस्कृतीसाठीचा देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. पण या सगळ्यापेक्षा तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट म्हणजे 1964 चं त्यांचं छोटं पुस्तक, ‘उरुशी नो हानाशी’, म्हणजे उरुशीच्या गोष्टी. जी विद्या घराण्याबाहेर सांगायची नाही असा पूर्वी दंडक असे, ती त्यांनी खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकात सगळ्यांसाठी लिहून टाकली. इंग्रजीतही आता ते मिळतं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी ओबा शोग्यो आणि मुरोसे काझुमी हे पुढे स्वतः राष्ट्रीय ठेवा ठरले. मात्सुदा 1986 मध्ये वयाच्या नव्वदीत गेले.

पेन हातात आलं तर काय बघायचं

डनहिल-नामिकी आपल्यापैकी कुणाच्या हातात येईल असं नाही, पण माकी-ए असं लिहिलेलं पेन ऑनलाइन दहा हजारांतही दिसतं, तेव्हा काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. स्वस्त पेनांवर बहुधा स्क्रीन प्रिंटिंगने छाप उठवलेला असतो, कधी त्यावर धातूची पूड टाकलेली असते. ते वाईट नसतं, पण मात्सुदांच्या अर्थाने ते माकी-ए नव्हे. ओळखायला साधं दहापट भिंग पुरतं. छापील कामात रेघेची जाडी शेवटपर्यंत एकसारखी असते, कधी बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताच्या कामात कुंचल्याची रेघ निमुळती होत संपते, आणि सोन्याचे कण कडेला विरळ होत जातात, रांगोळीच्या कडेसारखे.

जुन्या पेनात सहीच्या आधी चित्र बघा, असा माझा आग्रह आहे. सही खोटी घालता येते. टोपण आणि दांडी जुळवून सगळीकडून आकृती वाहती ठेवणं खोटं करता येत नाही. टोपणाच्या कडेला थर उडालाय का, नंतर कुणी नवी उरुशी फासून डागडुजी केलीय का, तेही भिंगाखाली कळतं. दोन हजार वर्षं पाण्यात टिकणाऱ्या उरुशीचं एक दुखणं मात्र आहे. अतिनील किरणांपुढे तिचा टिकाव लागत नाही, चकाकी जाते आणि पृष्ठभाग भुसभुशीत होतो. त्यामुळे असलं पेन खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात मांडू नका, अगदी कोरड्या हवेतही फार दिवस ठेवू नका, आणि चांदीची पॉलिश तर लावूच नका. मऊ सुती कापडाने पुसलं की झालं. मधूनमधून त्याने लिहीत राहिलात तर उत्तमच, हाताच्या स्पर्शाने उरुशीची झळाळी वाढत जाते.

नामिकी हे नाव पायलट कंपनीने आपल्या माकी-ए पेनांसाठी आजही राखून ठेवलंय. हिरात्सुका इथे ही पेनं तयार होतात, आणि त्यांतल्या वरच्या दर्जाच्या पेनांवर कारागिराच्या सहीशेजारी कोक्कोकाईचं नाव अजून लिहिलं जातं. उरुशी मात्र आता बहुतांश चीनमधून येते, जपानात चीक काढणारे हात कमी झालेत. मात्सुदांची तोक्योतली कामाची खोली 2020 मध्ये कानाझावाला उघडलेल्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात तशीच्या तशी उभी केली आहे. इतकी छोटी, की जमिनीवर बसलेल्या माणसाला बसल्या जागेवरून सगळ्या वस्तूंपर्यंत हात पोचावा.